वार्तांचें अजीर्ण

अजीर्ण केवळ अन्नाचेंच होतें असें नाहीं. अन्न कितीही सुग्रास असलें तरी जठराग्नीच्या शक्तीबाहेर सेविलें म्हणजे तें बाधतें. वार्तांचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं, पोटाचें अजीर्ण दुसऱ्या दिवशीं कळतें, मनाचें मात्र वर्षानुवर्षें ध्यानांत येत नाहीं. आमच्या तें कसें ध्यानांत आलें हें सांगण्यास संकोच वाटतो. तथापि वाचकांपैकीं कोणास उपयोग झाला तर व्हावा, म्हणून सांगतों.

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. ज्यांच्यासमवेत एकाच शाळेंत आम्हीं बावीस वर्षें काढलीं ते आमचे जुने सहाध्यापक आजारी होते. त्यांच्या चिरंजीवांनीं आमच्या मोबाईलवर दोन ओळी पाठविल्या: बाबा आपली फार आठवण काढतात, जमल्यास येऊन जावें. त्या ओळी आम्हीं वाचल्या चौथ्या दिवशीं. सुप्रभाताचीं चित्रें, मधुमेहावरील रामबाण उपाय आणि एका चित्रपटतारकेच्या विवाहाच्या वार्ता यांच्या ढिगाखालीं त्या दडून राहिल्या होत्या. वधूनें कोणत्या रंगाचा शालू नेसला व पंगतीस पक्वान्नें किती होतीं, हें त्या चार दिवसांत आम्हांस तोंडपाठ झालें होतें! तसेच निघालों, परंतु पोहोंचलों तेव्हां अंगणांत माणसें जमलीं होतीं. यांत दोष यंत्राचा नव्हे, आमचाच.

पूर्वीं वार्तेला कांहीं सीमा असे. 1832 सालीं जानेवारीच्या 6 तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें, तें आरंभीं पाक्षिक होतें. 1881 मध्यें निघालेला ‘केसरी’ साप्ताहिक होता. दोन अंकांमधल्या अवकाशांत वाचलेलें पचावयास वेळ मिळे. आमच्या बाळपणीं सकाळचें एक वर्तमानपत्र व सायंकाळच्या आकाशवाणीच्या बातम्या एवढाच आहार होता. 2 ऑक्टोबर 1972 रोजीं मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झालें. परंतु त्याचेही कार्यक्रम ठराविक वेळींच असत. पत्राला शेवटचें पान असे, आणि तें संपलें कीं मनुष्य कामास लागे.

आतां बोटानें सरकवावयाच्या पानास शेवटच नाहीं. ही अखंड सरकण्याची युक्ति 2006 मध्यें अमेरिकेंतील आझा रास्किन यांनीं काढली, आणि पुढें त्यांनींच तिजबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. वार्ता फुकट मिळते असें आपण समजतों. पण तिचें मोल जाहिरातदार देतो, आणि तो विकत घेतो आपलें अवधान. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनीं 1971 मध्येंच हें दाखवून दिलें होतें कीं, माहिती वाढते त्या मानानें अवधानाचें दारिद्र्य येतें. नटनट्यांच्या गोष्टींनीं डोळे सर्वांत लौकर खिळतात, म्हणून त्याच अधिक वाढल्या जातात.

हानि केवळ वेळेची असती तर एक वेळ चाललें असतें. आमचें न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानतें, परंतु तो आप्ताचा असेल तरच. आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा. आज कोण बोललें हेंच कळत नाहीं, आणि तरी आपण तें पुढें धाडतों. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली असतां, 1 जुलै 2018 रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें जमावानें भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या भटक्या जमातीच्या पांच निरपराध माणसांस ठार केलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें एक संदेश भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येणार नाहीं असें जाहीर केलें. यंत्रास मर्यादा घालतां आली. मनाची मर्यादा ज्यानेंत्यानेंच घातली पाहिजे.

यावर उपाय आमच्या जुन्याच पोथ्यांत सांपडला. शास्त्रग्रंथाच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध व प्रयोजन. हाच निकष आम्हीं वार्तेस लावून पाहिला. ही वार्ता जाणण्यास मी अधिकारी आहें काय? हिचा विषय काय? माझा तिच्याशीं संबंध कोणता? जाणून प्रयोजन काय? तारकेचा शालू या चारही प्रश्नांत नापास झाला. पाणीपट्टीची मुदत, भाचीचा परीक्षेचा निकाल आणि आजारी मित्राचा निरोप हे मात्र पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले.

त्या दिवसापासून आमचा मोबाईल दिवसा देवघराबाहेरील कोनाड्यांत असतो. सकाळीं व सायंकाळीं अर्धा अर्धा तास तो हातीं घेतों, आणि आप्तेष्टांचे निरोप आधीं पाहतों. प्रारंभीं हात वारंवार कोनाड्याकडे जाई. घरांतील मंडळी हसत. आतां ती संवय मोडत आली आहे. त्या मित्रवर्यांनीं दिलेली मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंशाची प्रत दोन वर्षें आमच्याकडे न वाचतां पडून होती. तिचे रोज दहा श्लोक वाचतों. वाचतांना शंका येते तेव्हां विचारावयास आतां ते नाहींत.

वाचकहो, आपल्याही मोबाईलवर ढिगाखालीं अशा दोन ओळी असतील. हा लेख मिटून आधीं त्या शोधाव्यात, एवढीच विनंति.