हात लुळा पडला तरी नोकरी, शिक्षण सुटत नाही

ऊर्जानगरात महाऔष्णिक वीज केंद्राच्या पाळीला जाणारे कामगार असोत की चंद्रपूरला शिकायला जाणारी मुले, दुचाकीशिवाय अनेकांचे पान हलत नाही. दुचाकी घसरते, माणूस खांद्यावर आपटतो आणि मानेला विरुद्ध बाजूला जोराचा हिसका बसतो. अनेकदा हाड मोडलेले नसते, जखमही किरकोळ असते. पण हात उचलला जात नाही. अशा वेळी मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच मज्जातंतूंच्या मुळांच्या जाळ्याला, म्हणजे ‘ब्रॅकियल प्लेक्सस’ला इजा झालेली असू शकते.

नस केवळ ताणली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हात आपोआप सुधारू शकतो. ती तुटली असेल किंवा मज्जारज्जूतून मुळासकट उपटली असेल, तर नुसत्या मालिशीने किंवा व्यायामाने जुळत नाही. येथे वेळ फार महत्त्वाची. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच वाढते. दुसरीकडे, संदेश न मिळालेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत कायमचा निकामी होऊ लागतो. म्हणून शस्त्रक्रियेची गरज असल्यास ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झालेली चांगली. ‘वर्षभर वाट पाहू’ हा सल्ला महागात पडतो. महिनाभरात हालचाल परतली नाही, तर नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला हात दाखवावा.

फ्रेंच शल्यचिकित्सक ख्रिस्तोफ ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, पंजाकडे जाणाऱ्या चांगल्या नसेचा छोटा धागा कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडतात. अंतर कमी असल्याने काही महिन्यांत कोपर वाकू लागू शकतो. पंजाचे स्नायू मात्र मानेपासून खूप लांब असल्याने, पूर्ण इजेत बोटांची पकड परत मिळणे कठीण असते.

मग कामाचे काय? शिडी चढणे, उंचावरची दुरुस्ती, फिरत्या यंत्राजवळचे काम यांना दोन्ही हात लागतात. पण भांडार, नोंदी, नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण अशी कामे असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. सरकारी कंपन्याही यात येतात. अपघात कामावर झाला की घरी, असा भेद या कलमात नाही. कंत्राटी कामगाराची बाजू लंगडी असते. म्हणून अपघात कामावरचा असेल तर त्याची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. भरपाईचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.

विद्यार्थ्यांनी उजव्या हाताची वाट पाहत वर्ष घालवू नये. डाव्या हाताने रोज थोडे लिहिण्याचा सराव आणि मोबाइलवर बोलून मराठी टंकलेखन, दोन्ही लगेच सुरू करता येते. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लिहिता न येणाऱ्या दिव्यांग परीक्षार्थीला लेखनिक व जादा वेळ मिळू शकतो. एकच हात गेला असल्यास, लिहिता येत नसल्याचा जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचा दाखला लागू शकतो. सुधारणेची शक्यता असल्यास मुदतीचे दिव्यांगत्व प्रमाणपत्रही मिळते. परीक्षेचा अर्ज भरतानाच ही तयारी हवी.

कामावर परतताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. बधिर हाताला चटका कळत नाही; गरम पाइप, चहाचे भांडे, उन्हात तापलेला पत्रा यांपासून जपावे आणि रोज कातडी तपासावी. दुसरी गोष्ट वेदनेची. हात लुळा असूनही आग झाल्यासारखी, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. ती खोटी नसते. साध्या वेदनाशामकाने ती सहसा थांबत नाही, पण नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधे आहेत. सांध्यांचा व्यायाम शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही चालू हवा, कारण खांदा व बोटे आखडली तर नस जागी होऊनही हात कामाला येत नाही.