विश्लेषण : बंद पडलेली ‘व्हर्च्युअल मशीन’ही महाग का पडतात? ती शोधणाऱ्या स्क्रिप्टवर किती विसंबायचे?

कार्यालयातला एखादा संगणक वापराविना पडून असेल तर तो नजरेला खुपतो. त्यावर धूळ बसते, तो जागा अडवतो, कोणीतरी त्याबद्दल विचारते. व्हर्च्युअल मशीनचे तसे नसते. बँका, विमा कंपन्या आणि रुग्णालयांच्या डेटा सेंटरमध्ये एकेका सर्व्हरवर अशी अनेक मशीन असतात. त्यातले कोणते कशासाठी बनवले, याचा काही महिन्यांत विसर पडतो. ती हुडकून काढण्याचे काम काही ओळींची स्क्रिप्ट करते. पण तिने दिलेली यादी पूर्ण असतेच असे नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका मोठ्या सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि साठवण वाटून देऊन त्यावर अनेक स्वतंत्र ‘संगणक’ चालवता येतात. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आणि लिनक्सवरील केव्हीएम ही त्याची प्रचलित उदाहरणे. नवा सर्व्हर घ्यायचा तर निविदा, खरेदी, जोडणी आलीच. व्हर्च्युअल मशीन मात्र काही मिनिटांत तयार होते. म्हणूनच त्यांची संख्या भराभर वाढते.

बंद मशीनला खर्च कसला?

बंद मशीन प्रोसेसर आणि मेमरी वापरत नाही, पण त्याची डिस्क साठवणीत जागा धरून असते. त्यात भर पडते ती स्नॅपशॉटची. अपडेट करण्यापूर्वी मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतात, तो स्नॅपशॉट. मशीन चालू असेल तर त्यानंतरच्या प्रत्येक बदलागणिक त्याची फाइल फुगत जाते. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअरचे मार्गदर्शन आहे. तो काढायचा राहिला आणि साठवण भरली, तर त्याच जागेवरची इतर मशीनही अडकू शकतात.

क्लाउडमध्ये हिशेब वेगळा असतो. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर मशीन आतून ‘शट डाउन’ केले तरी प्रोसेसर-मेमरीचे भाडे सुरूच राहते. ते ‘डीअ‍ॅलोकेट’ केले तरच थांबते, आणि तेव्हाही डिस्कचे पैसे लागतातच.

हा प्रश्न आता ऐरणीवर का?

ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअरचे अधिग्रहण पूर्ण केले. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी पद्धत आणली. शुल्क प्रोसेसरच्या ‘कोअर’वर मोजले जाते. त्यामुळे किती मशीन खरोखर लागतात आणि त्यासाठी किती सर्व्हर हवेत, याचे उत्तर थेट बिलाशी जोडले गेले.

स्क्रिप्ट नेमके काय करते?

व्हीएमवेअरसाठी ‘पॉवरसीएलआय’ हा आज्ञांचा संच वापरतात. तो मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलवर चालतो. ‘गेट-व्हीएम’ ही आज्ञा सगळ्या मशीनची यादी आणते. ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’ ती पाखडते : बंद असलेली तेवढी ठेव, किंवा नावात ‘टेस्ट’ असलेली तेवढी ठेव. ‘सिलेक्ट-ऑब्जेक्ट’ हवे ते रकाने निवडते आणि ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ एक्सेलमध्ये उघडणारी फाइल बनवते. एकदा वेळ लावून दिली की दर सोमवारी सकाळी अहवाल आपोआप ई-मेलने जातो.

चाळणीतून काय निसटते?

समजा, ‘विंडोज सर्व्हर २०१२’ चालवणारी मशीन शोधायची आहेत. या प्रणालीचा विस्तारित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. मशीनच्या आत प्रत्यक्षात कोणती प्रणाली आहे, हे ‘व्हीएमवेअर टूल्स’ नावाचे सॉफ्टवेअर कळवते. ते बसवलेलेच नसेल, तर तो रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना अटीत बसत नाही, म्हणून मशीन यादीतून गळते. कोणतीही चूक दाखवली जात नाही. ज्याच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष झाले, नेमके तेच मशीन अहवालाबाहेर राहते.

दोन नियंत्रण सर्व्हर असताना स्क्रिप्ट एकालाच जोडली, तरीही अहवाल नीटनेटका दिसतो. मशीन मात्र अर्धीच असतात. यावर सोपा उपाय आहे. अटीत बसलेली, न बसलेली आणि माहिती नसलेली अशा तिन्हींचे आकडे द्यावेत आणि त्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळवून पाहावी.

सुरक्षेशी संबंध काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातील ईएसएक्सआय सर्व्हरना लक्ष्य केले. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ३ फेब्रुवारीला इशारा दिला. ज्या त्रुटीकडे बोट दाखवले गेले, तिच्यावरचा उपाय फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता. जुन्या आवृत्तीचे सर्व्हर वेगळे काढणे हेही स्क्रिप्टचेच काम. पण त्यासाठी ते सर्व्हर आधी नोंदीत असावे लागतात.

यादी हाती आली, पुढे काय?

‘बंद’ म्हणजे ‘निरुपयोगी’ नव्हे. आपत्तीच्या वेळी लागणारे राखीव मशीन किंवा वर्षअखेरच्या हिशेबापुरते सुरू होणारे मशीन एरवी बंदच असते. म्हणून अहवाल काढणाऱ्या स्क्रिप्टला फक्त वाचण्याची परवानगी असलेले खाते द्यावे. मशीन बनवतानाच मालक, विभाग आणि मुदत यांची नोंद ‘टॅग’मध्ये करावी. मालकाला कळवून, बॅकअप घेऊन मगच मशीन काढावे. काढण्याच्या आज्ञेला ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय जोडला तर प्रत्यक्ष काही न पुसता काय पुसले जाईल, एवढेच दिसते. स्क्रिप्ट काही सेकंदांत मशीनची नावे देते. त्यातले कोणते कोणाचे, हे मात्र विभागांना विचारूनच ठरवावे लागते.