भीमेचे मासे आणि त्यांची पिल्ले

भिगवण म्हटले की हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी अनेकांना आठवतात. परंतु परिसरातील कित्येक मच्छीमार कुटुंबांसाठी भिगवण म्हणजे मासळीचा बाजार होय. भीमा नदीवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी येथवर पसरले. कटला, रोहू, मृगळ, चिलापी, मरळ, वांब अशी मासळी या पाण्यातून येते. ती उद्याही मिळावी, असे वाटत असेल तर तिच्या पिल्लांचे काय होते हे आपण समजून घेतले पाहिजे.

रोहू, कटला यांसारखे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात ते सहसा अंडी देत नाहीत. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे तळ्यात प्रजनन घडवून आणले. त्याच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

अंड्यातून बाहेर पडलेल्या इवल्या जिवास मत्स्यजिरे म्हणतात. पहिले तीन दिवस ते पोटाखालच्या पिशवीतील बलकावर जगते. पुढे त्याचे मत्स्यबीज होते व बोटाएवढे वाढले की त्यास बोटुकली म्हणतात. जिरे थेट मोठ्या जलाशयात सोडल्यास बहुतेक इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून त्यांना संगोपन तळ्यात वाढवून, बोटुकली झाल्यावरच सोडणे हिताचे ठरते. मात्र बारीक आसाच्या जाळ्यांनी हीच बोटुकली ओढून काढली, तर सारे श्रम वाया जातात. एकदाही अंडी न दिलेला मासा पकडणे म्हणजे पेरणीचे बियाणेच दळून खाण्यासारखे आहे.

भीमेच्या खोऱ्यातील महाशीर माशाची कथा याहून बोधप्रद आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. धरणे, प्रदूषण आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांमुळे तो नद्यांतून कमी होत गेला. तेव्हा १९७० च्या दशकाच्या आरंभी टाटा वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ त्याचे प्रजनन केंद्र सुरू केले. तेथे वाढविलेली पिल्ले अनेक राज्यांत पाठविण्यात आली.

परंतु त्यांपैकी काही पिल्ले दक्षिणेतील कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर वेगळा आहे. पुढे तेथे पाहुणा मासा वाढला आणि मूळचा घटत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविला गेला. पाहुण्या माशाची भर हे त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण असल्याचे संशोधक मानतात. हेतू चांगला होता, अभ्यास अपुरा पडला. कोणत्या पाण्यात कोणता जीव मूळचा, हे जाणून घेतल्याशिवाय केलेले संगोपनही अपाय करू शकते.

समुद्रकिनाऱ्यावरही हाच प्रश्न आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या सागरी माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला.

जलाशय असो वा सागर, पिल्लांचे रक्षण केवळ शासनाने किंवा मच्छीमार बांधवांनी करावयाचे नाही. बोटाएवढी मासळी विकत घेणारे हातही आपलेच असतात. बाजारात अशी मासळी दिसली, तर ती नम्रपणे नाकारावी, इतके तरी आपण प्रत्येक जण करू शकतो. मागणी थांबली की बारीक जाळेही आपोआप मागे सरेल, असा आम्हांला विश्वास वाटतो.