कऱ्हाकाठची परदेशी राख

मोरगावला आपण जातो ते मयूरेश्वराच्या दर्शनाला. अष्टविनायकांची यात्रा इथून सुरू होते, त्यामुळे पुढच्या गणपतीची घाई असते. जवळून वाहणाऱ्या कऱ्हेकडे पाहायला सवड कोणाला? मीही कित्येक वर्षे तिच्याकडे पाठ फिरवूनच परतलो.

या कऱ्हेच्या काठच्या जुन्या गाळात ज्वालामुखीची राख आहे. आपला सह्याद्री लाव्हाचाच, तेव्हा त्यात नवल ते काय, असे वाटेल. पण ही राख इथली नव्हे. ती आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाऱ्यावर कापून. त्या डोंगराच्या जागी आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. मोरगावची राख त्याच स्फोटाची, की टोबाच्याच सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याच परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या आहेत. म्हणजे त्या काळी इथे नुसते रान नव्हते, माणसांचा वावर होता.

असा स्फोट आज झाला तर? राख काही दिवसांत खाली बसते. खरा घात करतो तो गंधकाचा वायू. तो पार वर, ढगांच्याही वर जातो, त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते ऊन परतवून लावतात. १९९१ साली फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला, तर साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान वर्षभर सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा फुटला. पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडले, पिके बुडाली, आपल्याकडचा पाऊसही बिघडला. आणि टोबापुढे तांबोरा म्हणजे लहान भावंड!

आपला मोसमी पाऊस उन्हावर चालतो. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून ढग आत ओढले जातात. ऊनच मंदावले तर ही ओढ ढिली पडणार. मोरगावचा मुलूख तर सह्याद्रीच्या पाठीमागचा, पर्जन्यछायेतला. इथे आधीच पाऊस मोजून-मापून येतो.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. खडी फोडायला गेलेली माणसे आणि दुपारची सुकडी अजून आठवते. घरात लाल मिलो यायचा, अमेरिकेचा. भाकरी थापताना आई त्याला नावे ठेवी, पण चूल त्यावरच पेटली. पुढे बँकेत लागल्यावर दुष्काळ कागदावर भेटू लागला. आणेवारी पन्नास पैशांखाली आली की पीककर्जाला मुदतवाढ. अशा किती अर्जांवर सह्या केल्या, त्याचा हिशेब नाही. त्या मुदतवाढीच्या पोटात दोन गोष्टी गृहीत होत्या. पुढच्या साली पाऊस पडेल. आणि तोवर धान्य दुसरीकडून येईल.

महास्फोटात नेमक्या याच दोन गोष्टी जातात. ओढ एका सालाची नसते; आणि पंजाब, अमेरिका, ऑस्ट्रेलिया सगळ्यांचे आभाळ एकच असते. मिलो पाठवायला कोणी उरत नाही, आणि उरला तरी तो आधी आपले घर पाहील. सरकारी गोदामांत धान्य असते, पण तेही एखाद-दुसरे वर्ष निभावण्यापुरतेच.

अर्थात, असा स्फोट हजारो वर्षांतून एखादाच. त्याने किती थंडी पडली असेल यावरही एकमत नाही. आंध्रातल्या ज्वालापुरम गावी टोबाच्या राखेखाली आणि राखेवरही माणसाची दगडी हत्यारे सापडली, जवळपास एकाच घडणीची. म्हणजे कोणीतरी तगले. पण ती माणसे थोडी होती, आणि पाणी, शिकार दिसेल तिकडे चालू लागत. आपण सातबारा, विहीर आणि कर्जाचा हप्ता घेऊन बसलेलो.

मागच्या खेपेला दर्शन झाल्यावर मी मुद्दाम कऱ्हेकडे उतरलो. पात्रात पाणी नव्हते. काठावर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या राखत होते. मी काय शोधतोय म्हणून त्यांनी विचारले. राख, म्हटले. कसली, कुणाची? मी टोबाची सारी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, "ते राहू द्या साहेब, औंदा मघा कशा जातील, ते सांगा."