दहा कोंबड्यांचे औषध

जंत झालेली कोंबडी एका दिवसात आजारी पडत नाही. ती खात राहते आणि खंगत जाते. तुरा फिका पडतो, पिसे विस्कटतात, छातीचे हाड हाताला टोचू लागते. अंडी आधी दिवसाआड, मग आठवड्याला एखादे, मग बंद. घरातले म्हणतात, म्हातारी झाली. खरे तर ती असते वर्षा-दीड वर्षाची. पुढच्या गटारीला तिचा निकाल लागतो, पोट साफ करताना आतड्यात शेवयांसारखे पांढरे जंत दिसतात, आणि ते आतडे उकिरड्यावर भिरकावले जाते. उरलेल्या कोंबड्या तिथेच धावतात, हे सांगायला नकोच.

उरण तालुक्यातल्या जासईसारख्या गावात ही तक्रार वाढावी याचे कारण कोंबड्यांत कमी आणि जमिनीत जास्त आहे. एके काळी इथली कोंबडी खुराड्यातून सुटली की खळ्यावर, भाताच्या बांधावर, पार खाजणाच्या कडेपर्यंत फिरून यायची. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जासई हे दि. बा. पाटलांचे गाव. १९८४ च्या जानेवारीत याच पट्ट्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हिशेब आला. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, मागोमाग कंटेनरचे रस्ते आले. माणसांच्या जमिनीचा हिशेब अजून चालू आहे. कोंबडीच्या जमिनीचा कुणी मांडला नाही. पूर्वी ज्या दहा कोंबड्या दोन-चार एकरांत फिरत, त्या आता दोन घरांमधल्या बोळात आणि मोरीच्या कडेला दिवस काढतात.

जंतांना एवढेच हवे असते. कोंबडीच्या आतड्यातला मोठा गोलकृमी बोटभर लांब असतो. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, पण पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दहा ते वीस दिवसांत ती तयार होतात, आणि मग एखादी कोंबडी दाण्याबरोबर ती टिपते. पाच ते आठ आठवड्यांत तिच्या पोटातले जंत स्वतः अंडी घालू लागतात. कोंकणातला पावसाळा म्हणजे या अंड्यांना आयती उबवणीच! सावलीतल्या ओल्या मातीत ती कित्येक महिने टिकतात, उलट कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. रान मोठे असताना विष्ठा विखुरली जायची, उन्हाने वाळायची. बोळात ती त्याच जागी पडते आणि त्याच जागी टिपली जाते. मोठ्या कोंबडीला या जंतांची थोडीफार सवय होते, ती त्यांना पोटात बाळगून हिंडते. तीन महिन्यांच्या आतली पिल्ले मात्र खरी भरडली जातात.

पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबडीला हा त्रास जवळजवळ नसतो. तिचे पाय जाळीवर असतात आणि विष्ठा खाली पडते. तिचे बाकीचे हाल कुणी विचारू नयेत, पण जंतांच्या बाबतीत ती सुखी आहे. गावठी कोंबडीच्या मोकळेपणाची किंमत तिला पोटातून मोजावी लागते, आणि मोकळेपण जितके आखडते तितकी ती किंमत वाढते.

मग औषध. पशुखाद्याच्या दुकानात 'औषधी खाद्य' मागितले की पुष्कळदा पिल्लांचे स्टार्टर खाद्य हातात पडते. त्यात औषध असलेच तर ते बहुधा रक्ती हगवणीवरचे असते. ती हगवण एका सूक्ष्म परोपजीवीमुळे होते, त्याचा जंतांशी संबंध नाही. ते पोतेभर खाऊनही जंत जागचे हलत नाहीत. जंतांसाठी वेगळी औषधे आहेत. पायपेराझिन पाण्यातून देतात. ते गोलकृमीला लुळा पाडते आणि तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो, पण इतर जंतांवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही औषधे खाद्यात मिसळून देता येतात आणि त्यांचा पल्ला मोठा आहे. पट्टकृमीची गोष्ट आणखी निराळी. तो मुंग्या, माश्या, भुंगेरे, गोगलगायी यांच्या पोटातून कोंबडीत येतो आणि त्याला बहुतेक वेळा दुसरेच औषध लागते. म्हणून चार-पाच कोंबड्यांची ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कोणता जंत आहे ते कळते.

खाद्यातून औषध देण्यातली खरी अडचण निराळीच आहे. औषध खाद्यात जाते, पण कोणत्या कोंबडीच्या पोटात किती जाते? कळपात एक दांडगी असते, ती सगळ्यांना टोचून आधी खाते. जी खंगली आहे ती कोपऱ्यात उभी. जिला औषध हवे तिला ते सर्वांत कमी मिळते. शिवाय औषधाच्या पुडीवरचा हिशेब फार्मवाल्यांसाठी असतो: इतक्या किलो खाद्याला इतके, इतक्या शेकडा पक्ष्यांना इतके. फार्मची कोंबडी दिवसाचे शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य घरचेच खाते. बोळातली कोंबडी अर्धे पोट किडे, गवत आणि खरकट्यावर भरते, म्हणजे पुडीवरच्या प्रमाणाने औषध घातले तरी तिला निम्मेच लागू पडते. अशा अर्धवट मात्रेत कच्चे जंत मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या वेळी तेच औषध फिके पडते.

तेव्हा हिशेब खाद्याचा न मांडता वजनाचा मांडावा. गावठी कोंबडी साधारण एक ते दीड किलोची. दहा कोंबड्यांचे एकूण वजन डॉक्टरांना सांगितले की ते औषधाची मात्रा आणि किती दिवस द्यायची ते सांगतील. त्या दिवशी सकाळी खुराडे उघडण्याआधी, कोंबड्या उपाशी असताना, थोड्या ओलसर कणीत किंवा भरड्यात औषध नीट कालवून द्यावे. खाणे इतकेच असावे की अर्ध्या तासात पातेले रिकामे व्हावे. खंगलेल्या कोंबडीला आणि पिल्लांना डालग्याखाली वेगळे बसवून त्यांचा वाटा वेगळा द्यावा. दिवसभर सगळ्यांना कोंडून ठेवावे, पडलेली विष्ठा झाडून खतखड्यात खोल पुरावी. हे शेवटचे काम टाळले तर औषधाने बाहेर काढलेले जंत संध्याकाळी पुन्हा अंगणातच असतात. पहिला डोस पावसाच्या तोंडावर, पुढचा पाऊस सरल्यावर, आणि मधल्या काळात डॉक्टर सांगतील तसा. खुराड्यात भाताचे तूस कोरडे ठेवावे, दाणे जमिनीवर न फेकता भांड्यात घालावेत, पिल्ले मोठ्यांपासून वेगळी वाढवावीत. लसूण, हळद, पपईच्या बिया देणारी घरे आहेत. पपईच्या चिकावर प्रयोग झाले आहेत आणि त्यात गुणही दिसला आहे, पण चार बियांत किती गुण उतरतो हे कुणी मोजून देत नाही. द्या हवे तर, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

आणि प्रत्येक मरणाला जंत कारण नसतात. जंतांची कोंबडी आठवडेच्या आठवडे झिजते. दोन दिवसांत तीन-चार कोंबड्या पटापट पडल्या, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी असू शकते, किंवा त्याहून वाईट काही. जानेवारी २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या चिरनेरला घरोघरच्या कोंबड्या मरू लागल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी जंताची पुडी शोधत बसू नये. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, तो कापू तर नयेच, दवाखान्यात कळवावे.

आता अंड्यांचे. जंतनाशक दिल्यावर काही दिवस अंड्यात आणि मांसात औषधाचा अंश उतरू शकतो. किती दिवस, ते औषधागणिक बदलते आणि वेष्टनावर लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती अंडी विकू नयेत, घरच्या पोरांनाही देऊ नयेत. नव्या वसाहतींमधली गिऱ्हाइके 'गावठी, बिनऔषधाची' म्हणून अंड्याला जास्त पैसे मोजतात. बिनऔषधाची म्हणजे जंताने पोखरलेल्या कोंबडीचीही असू शकतात, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. कोंबडीचे पैसे घरात बाईचे असतात. पोराची वही, गॅसवाल्याचे वरचे सुटे पैसे त्यातूनच निघतात. आठ-दहा दिवसांची अंडी बाजूला ठेवायची म्हणजे खोट तिच्या कनवटीला. म्हणून काही जणी औषधच टाळतात, काही जणी औषध देतात आणि गप्प राहतात. यावर एकच तोडगा व्यवहारात बसतो: कोंबड्या खुडूक बसल्या असतील किंवा पिसे झडून अंडी आपोआप कमी झाली असतील तेव्हाच औषध उरकावे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. त्या दिवसांत जी चार-दोन अंडी निघतील ती खतखड्यात फोडून वर माती लोटावी. कोंबड्यांनाच खायला घालू नयेत.