धागे मोजून उमलणारी नक्षी

पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेली नक्षी दिसणार तरी कशी? युक्रेनच्या पोल्तावा भागातल्या रेशेतिलिव्का गावच्या बायकांनी हे कोडं उजेड-सावलीच्या जोरावर सोडवलं. भरीव टाके उठून दिसतात, जाळीतून सावली डोकावते आणि रंगाचा थेंबही न वापरता सदऱ्याची बाही फुलून येते.

ही जाळी विणलेली नसते, कापडातूनच काढलेली असते. ‘मेरेझ्का’त कापडाचे काही धागे ओढून काढायचे आणि उरलेल्यांच्या बारीक जुड्या बांधत जायचं. ‘विरिझुवान्या’त तर चक्क कात्री चालते. इवल्या चौकोनाच्या कडा आधी दाट टाक्यांनी पक्क्या करायच्या, मगच आतले धागे कापायचे. इथे हात चुकला की कापड गेलंच.

त्याहून थक्क करतो तो ‘निझ’ हा प्रकार. यात बाई कापडाच्या उलट बाजूने भरत जाते आणि नक्षी उठते सुलट बाजूला. मागे तीच नक्षी असते, पण जिथे पुढे दोरा तिथे मागे रिकामं, आणि पुढे रिकामं तिथे मागे दोरा!

यातलं बरंचसं काम आधी आखून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे, तोच आराखडा. इरकली लुगड्यावरची कसुती पाहिलेल्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

हिशेब बेतण्यातही आहे. जवसाच्या, किंवा अंबाडीसारख्या भांगेच्या झाडाच्या धाग्याचं हे कापड पूर्वी घरीच कातून-विणून होई. ते वाया जाऊ नये म्हणून जुना सदरा सरळ चौकोनी तुकड्यांचाच बेतत. हात मोकळा वर जावा म्हणून काखेत छोटी चौकोनी कळी, खांद्यावर वेगळी पट्टी आणि गळ्याशी चुण्या. कंबरेखालचा भाग घागऱ्यात झाकला जाई, तिथे जाडंभरडं कापड चाले.

मुलूख बदलला की रंग बदलतो. पश्चिमेकडच्या बोर्शचिव्ह भागात काळ्या लोकरीच्या दोऱ्याने बाह्या गच्च भरतात. कार्पेथियन डोंगरातल्या कोस्माचमध्ये नारिंगी-पिवळा पेटतो. आज सर्रास दिसणारी लाल-काळी क्रॉस स्टिचची फुलं मात्र फार जुनी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील नमुन्यांमुळे ती गावोगाव पसरली.

२००६ मध्ये चेर्निव्त्सीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी असे भरतकामाचे कपडे घालून येण्याचा दिवस सुरू केला. आता मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी तो देशभर पाळतात. कधी असा सदरा हाती आलाच, तर आधी उलटा करून पाहा. भरणारीचं कसब तिथे अधिक कळतं.