मोडीच्या भावाने

'कमी लेखणे' या वाक्प्रचारावरचं माझं टिपण वाचून भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळच्या एका वाचकांनी विचारलंय : आमच्याकडे लूम मोडीत निघतात आणि पेपरात पुढारी एकमेकांचे दावे मोडीत काढतात, ही मोड एकच का? आणि मोडीत काढणे म्हणजे कमी लेखणेच ना?

मोड एकच. फुटकं तांब्यापितळेचं भांडं, जुना दागिना, वितळवण्यापुरता उरलेला धातू ती मोड. पाटल्या करताना मोजलेली घडणावळ, घंगाळावर तांबटाने घातलेले ठोके, मोडीत घालताना सगळं शून्य. तराजूत फक्त वजन. लूमचंही तेच. बीड नि लोखंड किलोवर जातं. त्या मागावर दिवसाला किती कापड निघायचं, हे भंगारवाला कशाला विचारतोय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही'. लेखणे म्हणजे मोजणे, हिशेबात धरणे. कमी लेखणारा आकडा खाली लिहितो, पण लिहितो. मोडीत काढणारा घडणावळच धरत नाही. पक्षातल्या ज्येष्ठांना कमी लेखलं तर ते बैठकीला असतात, त्यांचं ऐकलं जात नाही एवढंच. मोडीत काढलं की बैठकीचा निरोपही जात नाही.

आणखी एक गंमत. 'मोडीत काढणे'ला 'मोडीत निघणे' अशी जोडी आहे. लूम मोडीत निघाले म्हटलं की काढणारा वाक्यातून गायब! सूत महागलं, वीज महागली, रॅपियर माग आले. कोणा एकाचं नाव घ्यावं लागत नाही. 'कमी लेखणे'ला ही पळवाट नाही. फार तर 'कमी लेखलं गेलं' म्हणाल, पण 'कोणी?' हा प्रश्न लगेच उभा राहतो.

भिवंडीकरांना हा वाक्प्रचार कुठल्याही कोशाआधी कळायला हवा. तिथल्या यंत्रमागांच्या सुरुवातीच्या पिढीत मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने मागही होते. गिरणीच्या लेखी ती मोड. भिवंडीत त्याच मागांवर पुन्हा ताणा चढला, धोटा धावू लागला, कुटुंबं जगली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि कापड विणण्याचं कितीतरी काम भिवंडीकडेच वळलं. मोडीत काढणाऱ्याचा अंदाज इतका चुकल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

जाता जाता एक तक्रार. १५ नोव्हेंबर २०२३ला वानखेडेवर विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतलं ५०वं शतक ठोकून सचिन तेंडुलकरचा विक्रम मोडला. असं काही झालं की 'विक्रम मोडीत काढला' असा मथळा ठरलेलाच. विक्रम मोडतो, मागे पडतो. मोडीत कसा निघेल? सचिनची ४९ शतकं काय किलोवर घातली? वार्ताहरांना 'मोडला' तोकडं वाटतं, म्हणून शेपूट जोडतात. मला विचाराल तर 'मोडला' पुरे. 'मोडीत काढणे' दाव्यांसाठी, योजनांसाठी, माणसांसाठी राखून ठेवा. तिथे त्याला भरपूर काम आहे.